आधी सोडा, मग साबण

2012 साली मी लिहिलेल्या एका अहवालाच्या कच्च्या प्रतीवर, एकेचाळिसाव्या पानाच्या समासात, पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द परत आले होते : ‘खडक कुठला?’ अक्षर आमच्या प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंचं होतं. पुढे स्पष्टीकरण नाही, खाली सही नाही. मी खोडरबर घेतला, ते दोन शब्द पुसले, चुरा फुंकरीने उडवला आणि अहवाल पक्क्या छपाईला पाठवला.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला अवघड अशासाठी की त्या अहवालात खोटं एक अक्षर नव्हतं. वगळलेलं मात्र बरंच होतं. आणि जे वगळलं, ते चकलांब्याला आमच्या घरामागच्या धुण्याच्या दगडाशी माझी माय रोज करत होती. तिच्या त्या करण्याला मी अडाणीपणा म्हणत आलो होतो.

मी रसायनशास्त्राचा माणूस. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातलं चकलांबा हे माझं गाव. शाळा तिथली, पुढचं शिक्षण बाहेरचं. नोकरी लागली ती मुंबईतल्या एका खासगी रसायन कंपनीत. आमचा विभाग तेलविहिरींसाठी सर्फॅक्टंट बनवायचा. सर्फॅक्टंट म्हणजे साबणाचा भाऊबंद. त्याच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं आणि शेपूट तेलात. त्यामुळे तेल आणि पाणी यांच्या सीमेवर तो जाऊन उभा राहतो आणि दोघांतलं भांडण मिटवतो.

तेलाच्या धंद्यात हे भांडण मिटवायचं कारण असं. जमिनीच्या पोटात तेलाची तळी नसतात. आमच्याकडे विहिरीला पाणी लागतं ते जसं मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून पाझरतं, तसं तेल खडकाच्या बारीक बारीक छिद्रांत अडकून असतं. विहीर खोदली की सुरुवातीला ते स्वतःच्या दाबाने वर येतं. दाब ओसरला की शेजारच्या विहिरीतून पाणी आत ढकलून तेल रेटत आणतात. एवढं करूनही जगभरात सरासरी दोन तृतीयांशाच्या आसपास तेल खालीच राहतं. छिद्रांच्या अरुंद गळ्यांत तेलाचे थेंब अडकून बसतात आणि पाणी त्यांना वळसा घालून निघून जातं. तेल आणि पाणी यांच्यातला पृष्ठताण मोजायचा तर 20–30 मिलिन्यूटन प्रति मीटर भरतो. योग्य सर्फॅक्टंट मिळाला तर तो 0.001 पर्यंत उतरतो. मग थेंब लांबतो, मऊ होतो, गळ्यातून सटकतो. याला वाढीव तेल उपसा म्हणतात.

आपल्याकडे हा विषय कागदावरचा नाही. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचं तेल शोधलं, मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1984 पासून तिथे पाणी भरायला लागले. गुजरातेत अहमदाबादजवळच्या विराज क्षेत्रात ओएनजीसीने 2002 मध्ये अल्कली, सर्फॅक्टंट आणि पॉलिमर अशा तिहेरी मिश्रणाची चाचणी सुरू केली. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रात आधी पॉलिमर भरलं आणि पुढे एका छोट्या पट्ट्यात हेच तिहेरी मिश्रण वापरून पाहिलं. सप्टेंबर 2018 मध्ये तर केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा पद्धतींना सवलती देणारं धोरणच मंजूर केलं. नोकरीत उमेदीची वर्षं होती तेव्हा मला वाटायचं, हा देश अडकलेल्या थेंबांवर बसलाय आणि ते सोडवणारा साबण माझ्या चंबूत आहे.

माझी श्रद्धा एका आकड्यावर होती : पृष्ठताण. फिरत्या नळीच्या यंत्रात तेलाचा थेंब सोडायचा, नळी गरगर फिरवायची, थेंब ताणून सुतासारखा झाला की आकडा वाचायचा. जितका थेंब बारीक तितका साबण श्रेष्ठ. पंधरा-वीस सर्फॅक्टंट अशा परीक्षेला बसवायचे आणि पहिला आलेला निवडायचा. खडक माझ्या हिशेबात भांड्यासारखा होता. भांड्यात काय शिजवायचं ते महत्त्वाचं, भांड्याला कोण विचारतं?

अहवालात एक रकाना मात्र भरावाच लागे : अधिशोषण. शोषण वेगळं आणि अधिशोषण वेगळं. स्पंजात पाणी मुरतं ते शोषण. पितळेच्या भांड्याला हात लावला की बोटांचा तेलकटपणा पृष्ठभागावरच चिकटून राहतो, त्या जातीचं हे अधिशोषण. सर्फॅक्टंटचे रेणू खडकाच्या अंगाला जाऊन चिकटतात आणि द्रावणातून वजा होतात. मी हा आकडा स्वच्छ धुतलेल्या वाळूवर काढायचो. बाटलीत वाळू घालायची, वर द्रावण ओतायचं, रात्रभर हलवायचं, सकाळी किती साबण उरला ते मोजायचं. वाळूच्या ग्रॅममागे 0.05 मिलिग्रॅमच्या आसपास घट यायची. क्षुल्लक. मी तो आकडा लिहायचो आणि पुढे जायचो.

2012 च्या त्या कामात ग्राहक कंपनीने खरा खडक पाठवला होता. विहिरीतून काढलेला कोअर : 30 सेंटिमीटर लांब, 3.8 सेंटिमीटर जाड, मुसळाच्या तुकड्यासारखा. त्याच्या छिद्रांत मावणारं पाणी होतं 68 मिलिलिटर. मी त्याला पोलादी धारकात बसवला, एका टोकाने साबणाचं द्रावण सोडलं, त्यात खुणेसाठी थोडं वेगळं मीठ घातलं आणि दुसऱ्या टोकाला पाच-पाच मिलिलिटरच्या नळ्या ओळीने लावल्या. मिठाला खडकाचं काही घेणंदेणं नसतं. ते चौदाव्या नळीत आलं, अगदी हिशेबाप्रमाणे. साबण सोबतच यायला हवा होता. मी चौदावी नळी अंगठ्याने बंद करून हलवली. फेस नाही. पंधरावी हलवली, नाही. विसावी, नाही. रात्रीचे साडेदहा झाले होते. मी नळ्या हलवत बसलो होतो आणि प्रत्येक नळीत नुसतं पाणी खळखळत होतं. फेस आला तो सव्विसाव्या नळीत.

त्या रात्री वहीत मी काय लिहिलं? ‘पंपात बिघाड. प्रयोग रद्द.’ आणि पानावर तिरकी रेघ मारली.

पंप ठणठणीत होता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण मीठ वेळेवर आलं होतं. पण तो साबण माझा लाडका होता, पृष्ठताणाच्या परीक्षेत पहिला आलेला. मी अहवालात वाळूवरचा 0.05 लिहिला. ‘खडक कुठला?’ या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, ‘खडकच नाही, वाळू.’ म्हणून तर तो प्रश्न पुसावा लागला.

तो आकडा किती महाग पडतो, हे कागदावर मांडतो. एक घनमीटर वालुकाश्म घ्या, त्यात 20 टक्के पोकळी. म्हणजे 200 लिटर जागा द्रावणाला आणि साधारण 2,100 किलो दगड. सर्फॅक्टंट महाग असतो, म्हणून सगळी पोकळी भरेल इतकं द्रावण कुणी सोडत नाही. पोकळीच्या 30 टक्के, म्हणजे 60 लिटर सोडतात. द्रावण अर्धा टक्का असेल तर त्यात साबण झाला 300 ग्रॅम. माझ्या वाळूच्या आकड्याने खडक खाणार 105 ग्रॅम. 195 ग्रॅम तेलाच्या कामाला उरले, सगळे खूश. पण सव्विसाव्या नळीतला फेस सांगत होता की या खडकाची भूक ग्रॅममागे 0.4 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 850 ग्रॅमच्या घरात. आपण वाढणार 300 आणि भूक 850. एक तृतीयांशाहून जराशीच जास्त वाट चालून साबण संपला. पुढे तेलाकडे जातं ते नुसतं पाणी.

आमच्याकडे पूर्वी खळ्यावर रास झाली की ती घरी यायच्या आधी बलुतेदारांचा वाटा तिथेच मोजून द्यायचा. ज्याने तो वाटा धरलाच नाही, त्याचा वर्षाचा हिशेब पहिल्या दिवशीच चुकला. खडक हा असा पहिला हक्कदार आहे. मी त्याचा वाटा कागदावरून उडवला होता. त्याने खळ्यावर येऊन तो पुरता वसूल केला. 2013 च्या सुरुवातीला एका विहिरीपुरती चाचणी झाली आणि वाढीव तेल नावालाही निघालं नाही. बैठकीत मी खाऱ्या पाण्याचं कारण पुढे केलं. कोपऱ्यात बसलेल्या त्या बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. मला ते जास्त लागलं.

त्या वर्षी पोळ्याला गावी गेलो. आण्णा, माझा थोरला भाऊ, वैतागला होता. बांधावर हराळी आणि गाजर गवत माजलं होतं म्हणून त्याने ग्लायफोसेट आणलं, शेततळ्याचं पाणी पंपात भरलं, औषध कालवलं आणि दिवसभर पाठीवर पंप वाहून बांध झोडपून काढला. पंधरा दिवस झाले तरी गवत तसंच हिरवंगार. औषध डुप्लिकेट निघालं म्हणून तो बाटली घेऊन कृषी सेवा केंद्रात भांडायला निघाला होता. मीही सोबत गेलो. रसायनाची गोष्ट, आपलं वजन पडेल म्हणून.

दुकानदाराने बाटली हातात घेतलीसुद्धा नाही. म्हणाला, “आण्णा, पाणी कुठलं घेतलं व्हतं?”

“शेततळ्याचं.”

“गढूळ व्हतं का?”

“पावसाळ्यात शेततळं निवळ राहतं का कुठं?”

“मंग मातीनं खाल्लं की औषध. गवताला काय राहिलं?”

आण्णा गप्प झाला. मी त्याच्याहून जास्त गप्प झालो. दुकानदार बरोबर होता. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं. म्हणून तर ते जमिनीवर पडलं की मुळांकडून फारसं काम करत नाही. आणि शेततळ्यातला गाळ म्हणजे आमची काळी. दख्खनच्या बेसॉल्टचा चुरा होऊन झालेली, स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीने भरलेली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, ती याच खनिजामुळे. त्याचे थर इतके पातळ असतात की एका ग्रॅम मातीचा पृष्ठभाग उलगडला तर कित्येक शे चौरस मीटर भरतो. माझ्या धुतलेल्या वाळूच्या ग्रॅमला चौरस मीटरभरही अंग नसतं. जिथे अंगच नाही तिथे चिकटणार काय? आणि मी त्या वाळूला खडकाच्या जागी साक्षीला उभं केलं होतं.

दुकानदाराने बाटलीचं लेबलही न वाचता पहिला प्रश्न केला, पाणी कुठलं? बाईंनी माझा सर्फॅक्टंट बाजूला ठेवून पहिला प्रश्न केला, खडक कुठला? आण्णाने निदान त्याला उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी ओसरीवर पुतण्या शाळेच्या प्रदर्शनासाठी काहीतरी ‘भारी’ दाखवा म्हणून मागे लागला. माझ्या पिशवीत मेथिलिन ब्लूची छोटी बाटली होती. साबण मोजायच्या आमच्या टायट्रेशनमध्ये ती लागते. दोन काचेचे पेले घेतले, दोन्हीत पाणी आणि चार-चार थेंब निळा रंग. एकात नदीची धुतलेली वाळू टाकली, दुसऱ्यात परसातली मूठभर काळी. ढवळून ठेवले आणि जेवायला बसलो. जेवून आलो तर वाळूचा पेला तसाच निळाशार. काळीचा पेला वरून निवळ, तळाला निळसर चिखल.

“काका, रंग गेला कुठं?”

“मातीला चिकटला.”

“आन् परत येणार न्हाई का?”

मी पेल्यात ताजं पाणी घालून पुन्हा ढवळलं. वरचं पाणी निवळच राहिलं. पोरगं खूश झालं. मी मात्र त्या पेल्याकडे बराच वेळ बघत होतो, कारण माझी सव्विसावी नळी तीच होती. वहीतलं ते रेघ मारलेलं पानच जणू मी गावी ओसरीवर दिव्याखाली वाचत होतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी एक चूक सोडून दुसरी करीन. मेथिलिन ब्लूच्या कणावर धनभार असतो आणि मातीच्या पानांवर ऋणभार, म्हणून ते इतके घट्ट चिकटले. माझा साबण ऋणभारी. त्याला मातीची पानं उलट ढकलतात. तो चिकटतो ते पानांच्या कडांना, जिथे ॲल्युमिनियमच्या जागा साध्या पाण्यात धनभारी असतात, आणि लोखंडाच्या गंजासारख्या आवरणांना. म्हणून त्याची भूक मेथिलिन ब्लूइतकी नसते, पण वाळूहून कितीतरी जास्त असते. भार कुणाचा, जागा कुठली, पाणी आम्ल की अल्क, यावर सगळा खेळ. एका आकड्यात तो कधीच मावत नव्हता.

मुंबईला परतल्यावर मी जुने शोधनिबंध पुन्हा काढले. विद्यार्थी असताना परीक्षेपुरते वाचलेले. केरळातून अमेरिकेला गेलेले पोन्निसेरिल सोमसुंदरन आणि त्यांचे गुरू डग्लस फ्युरस्टेनाऊ यांनी 1966 मध्ये ॲल्युमिनावर सल्फोनेट जातीचा सर्फॅक्टंट टप्प्याटप्प्याने कसा बसतो हे दाखवलं होतं. तेव्हा मी आलेखाच्या चार रेघा पाठ केल्या होत्या. आता तो आलेख मला लग्नाच्या पंगतीसारखा दिसला. सुरुवातीला तुरळक माणसं येतात, पान वाढलेलं दिसलं की ज्याची त्याची जागा धरतात; हे भाराचं आकर्षण. मग बसलेला माणूस आपल्या भावकीला हाका मारतो, “ये इकडं, ये,” आणि बघता बघता पंगत धडाधड भरते. हे शेपट्यांचं एकमेकांना ओढणं. तिसऱ्या टप्प्यात पानं संपत येतात, बसणं रोडावतं. शेवटी पंगत भरली की उरलेले लोक मांडवात घोळके करून बोलत उभे राहतात. सर्फॅक्टंटचे असे घोळके म्हणजे मायसेल. त्यापुढे कितीही पाहुणे आले तरी पंगतीतला आकडा वाढत नाही. माझी चूक दुसऱ्या टप्प्यात होती. मला वाटायचं, दोन-चार रेणू चिकटले तर चिकटले. ते भावकीला बोलावतात हे मी धरलंच नव्हतं.

मग मला माय आठवली.

आमच्या बोअरचं पाणी जड. तापवलेल्या भांड्याला आतून पांढरी खपली धरते, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. फेसाच्या जागी राखाडी चिकट थर पाण्यावर तरंगतो. माझी आजी लाकडांच्या राखेचं निवळ पाणी धुण्याला वापरायची. माय धुण्याचा सोडा वापरायची. बादलीत आधी सोडा कालवायची, जरा थांबायची, मग साबणाला हात लावायची. बीएस्सीला असताना मी तिला शहाणपण शिकवलं होतं, की सोड्यावर पैसे घालवण्यापेक्षा साबण चांगला घे. ती म्हणाली होती, “आरं लेकरा, पाण्याला आधी त्याचं देऊन टाकायचं. मंग साबण कापडाला लागतो.” मी हसलो होतो. मित्रांतही तो किस्सा सांगून हशा पिकवला होता.

तिचं वाक्य हे आमच्या विद्येचं सार आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो पाण्यातलं कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसवतो, नाहीतर ते कॅल्शियम साबणाला पकडून थर करतं. आणि तो पाणी अल्क करतो. अल्क पाण्यात मातीच्या त्या धनभारी कडा ऋणभारी होतात. मग ऋणभारी साबण जवळ गेला की सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि पंगतीतलं पानच उचललं जातं. विराजच्या तिहेरी मिश्रणातली अल्कली हाच सोडा होता. मी ते मिश्रण वाचताना नेहमी सर्फॅक्टंटच्या नावावर बोट ठेवायचो. सोडा स्वस्त, पोत्यांनी येणारा; त्याच्याकडे बघायचं कशाला? साबणाच्या आधी स्वतः खडकाच्या तोंडी जाणारा तो शिपाई आहे, हे माझ्या माहितीत होतं. ते माझ्या मनात उतरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी बाईंच्या टेबलाशी गेलो. वहीतलं रेघ मारलेलं पान उघडून ठेवलं आणि सांगितलं, की पंप बिघडला नव्हता. आणि एकेचाळिसाव्या पानावरचा प्रश्न मी पुसला होता. त्या बराच वेळ नळ्यांचे आकडे वाचत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “ग्राहकाला कधी कळवतोयस?” मला वाटलं होतं माफी मागून प्रकरण मिटेल. त्या दिवशी दुपारी दुरुस्तीचं पत्र गेलं. त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. त्या वर्षी बढतीच्या यादीत मी नव्हतो आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा हक्कही मला नव्हता.

ग्राहकाने दुसरा कोअर दिला. या वेळी पाणी आधी मऊ करून घेतलं, त्यात सोडा घातला, मग तोच साबण. चौदाव्या नळीत मीठ. पंधरावी हलवली, नुसतं पाणी. सोळावी, पाणी. सतराव्या नळीत अंगठ्याखाली बुडबुडे दाटले. खडकाची भूक 0.4 वरून 0.1 वर आली होती. घनमीटरमागे 210 ग्रॅम. 300 वाढले तर 90 उरतात. जेमतेम, पण उरतात.

म्हणून आता मी सोड्याचा भक्त झालोय असं नाही. एक देव उठवून दुसरा बसवण्यात मन बदलल्याचं समाधान मिळतं, पण तो बदल नसतो. चीनमधल्या दाचिंग क्षेत्रात कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली वापरली तेव्हा तिने खडकातली सिलिका विरघळवली आणि ती वर येऊन पंपांत दगडासारखी जमली. मुंबई हायचा खडक तर वालुकाश्म नाहीच, चुनखडक आहे. त्याच्या अंगावर साध्या पाण्यात धनभार असतो, म्हणजे ऋणभारी साबणाला तो हात पसरूनच उभा. कार्बोनेटने तो भार फिरवता येतो हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 400 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि त्याच्या तिप्पट मॅग्नेशियम. त्यात सोडा टाकला की तो तिथेच चुनखडी होऊन बसणार. आधी पाणी मऊ करायला हवं आणि किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवरच्या फलाटावर जागेचा भाव विचारू नये. ज्या खडकाला जे देणं लागतं ते त्या खडकालाच विचारावं लागतं.

कोअरवर तरी किती विश्वास ठेवायचा, हीही शंका आता माझ्या कामाचा भाग आहे. खाली लाखो वर्षं हवेविना पडलेला खडक वर आला की त्यातलं लोखंड गंजायला लागतं आणि गंजलेलं लोखंड साबण जास्त खातं. धुऊन, भट्टीत वाळवून आपण त्याचा स्वभाव बदलतो. कुटून भुकटी केली तर नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि भूक फुगते. म्हणून माझ्या अहवालात अधिशोषणाचा आकडा आता एकटा येत नाही. कुठला खडक, कसा साठवला, कुठलं पाणी, किती तापमान, स्थिर बाटलीत की वाहत्या कोअरमध्ये, हे सगळं त्याच्या सोबत येतं, आणि पहिल्या पानावर येतं. अहवाल त्यामुळे कमी झळकतात. दोन ग्राहकांनी मला तसं सांगितलंय.

गेल्या उन्हाळ्यात चकलांब्याला गेलो तर आण्णाने कपडे धुण्याचं यंत्र घेतलेलं. माय त्याच्याजवळ उभी. यंत्रात पाणी बोअरचंच. तिने पावडरीच्या डब्याला हात लावण्याआधी बरणी उघडली, सोडा घेतला, पिंपातल्या पाण्यात टाकला आणि वाकून हाताने ढवळला. इतक्या वर्षांत मी तिला सोड्याबद्दल सांगितलं पुष्कळ होतं, विचारलं कधीच नव्हतं.

“माय, किती टाकतीस?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मीठ किती घालायचं ते विचारतोय.

“आसं किती म्हणून नसतं. पाऊसकाळात कमी लागतो, उन्हाळ्यात पाणी आटतं तव्हा जास्त. ह्या बोअरला येगळा, खालच्या वावरातल्या बोअरला येगळा.”

“मग कळतं कसं?”

तिने माझा हात धरून पिंपात बुडवला आणि माझा अंगठा माझ्याच बोटांवर घासला. पाणी अजून खरखरीत होतं. तिने बरणीतून आणखी चिमूटभर टाकलं, ढवळलं, पुन्हा बोटं घासायला लावली. आणखी एक चिमूट. तिसऱ्या खेपेला अंगठा घसरला.

“बोटाला बुळबुळ लागली की पुरे,” ती म्हणाली. “मंग साबण.”